एकतीस चौकटी

"एकोणीस," इंदुमतीबाई मनातल्या मनात म्हणाल्या आणि त्यांनी पिनकोड टाइप केला. टॅबची कळ दाबली. वीस, मोबाइल नंबर. पुन्हा कळ. एकवीस, दहावीचं वर्ष. कुठे अडणं नाही, मागे जाणं नाही.

पाठीमागे माणसं उभी होती. दिल्लीहून तपासणीला आलेले तीन अधिकारी, कारखान्याचे दोन मोठे साहेब, संगणक विभागाचे प्रमुख राजवाडे, आणि कोपऱ्यात जीव मुठीत धरून विभागातला विलास. सगळ्यांचे डोळे इंदुमतीबाईंच्या बोटांवर खिळले होते. चार वर्षांच्या असताना त्यांना देवी आल्या आणि दोन्ही डोळे घेऊन गेल्या, त्याला आता पंचावन्न वर्षं झाली होती. त्यांच्या कानांवर हेडफोन होता. कॉम्प्युटर काय बोलतो आहे हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच ऐकू येत होतं, आणि आपणही जरा ऐकावं असं इतर कोणाच्या डोक्यात आलं नाही.

कारखान्याची नवी वेबसाइट झाली होती. नोकरीचे अर्ज यापुढे फक्त तिच्यावरच भरायचे होते, आणि सरकारी नियमाप्रमाणे दृष्टिहीन माणसालाही तो अर्ज कोणाच्या मदतीवाचून भरता यायला हवा होता. येतो की नाही, तेच बघायला ही मंडळी भोपाळला आली होती.

एकतीस. सबमिट. इंदुमतीबाईंनी हेडफोन काढला तेव्हा टाळ्या चालू होत्या.

"सिक्स मिनिट्स!" दिल्लीचा एक साहेब म्हणाला. "हमारे बाबू लोग आधा घंटा लगाते हैं!"

इंदुमतीबाई लाजल्या. नाही कशाला म्हणा, त्यांना ते फार आवडलं. मग राजवाड्यांनी कागद पुढे केला आणि वाचून दाखवला: दृष्टिहीन व्यक्ती हा अर्ज स्वतंत्रपणे भरू शकते, हे मी स्वतः तपासलं आहे. पुठ्ठ्याला फट पाडून तिच्यात पेन फिरवत सही करायची, हे वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं. त्यांनी सरळ रेषेत, ऐटबाज सही ठोकली.

आता ही सहा मिनिटं कुठून आली, तेही सांगायला हवं.

छप्पन्न साली राजधानी हलली तेव्हा इंदुमतीबाईंचे वडील नागपूरच्या सचिवालयाबरोबर भोपाळला आले. मुलगी शिकली, आणि बाविसाव्या वर्षी कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. बाराशे नंबर तिला तोंडपाठ होते. फाउंड्रीतल्या कोणाला जेवणाच्या सुटीत कुठे शोधायचं, कोणत्या साहेबाच्या घरी सासू आली की तो ऑफिसात उशिरापर्यंत बसतो, सगळं तिच्या डोक्यात. टाउनशिपमध्ये तिचा चेहरा न पाहिलेली पण आवाज ओळखणारी माणसं घरोघर होती. नंबर सांगायला तिने कधी डायरी उघडायला लावली नाही. डायरी तिला वाचताच येत नव्हती, हे लोक विसरूनही गेले होते, आणि तोच तिचा अभिमान होता.

मग यंत्रं आली, एक्स्चेंज बंद पडलं. इंदुमतीबाईंना खरेदी विभागात एक खुर्ची मिळाली आणि काम काहीच मिळालं नाही. दोन वर्षं त्या सकाळी येत, पंख्याखाली बसत आणि संध्याकाळी क्वार्टरवर जात. कोणी त्यांना वाईट वागवलं नाही. सगळे चहा विचारत. त्या चहानेच त्यांचा जीव नकोसा झाला होता.

अशात राजवाड्यांनी त्यांना संगणक विभागात बोलावून घेतलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आलं होतं, ते चालवून वेबसाइट तपासायला कोणीतरी हवं होतं. ज्या दिवशी कॉम्प्युटरने पहिल्यांदा टाउनशिपच्या बसचं वेळापत्रक घडाघडा वाचून दाखवलं, त्या दिवशी इंदुमतीबाई संध्याकाळी साडेसहापर्यंत उठल्याच नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या नव्याने वाचायला शिकल्या.

पहिल्याच महिन्यात त्यांनी विलासला सांगितलं होतं, "अरे, या नोकरीच्या अर्जात चौकटींना नावंच नाहीत. हा मला नुसतं 'एडिट, ब्लँक' सांगतो, म्हणजे रिकामी चौकट. नाव कुठं, पत्ता कुठं, कसं कळायचं?"

विलास मन लावून काम करणारा, अयोध्या नगरमध्ये कर्ज काढून घर बांधलेला, कोणाला नाही न म्हणणारा माणूस. त्याने ते लिहून घेतलं, वेबसाइट करणाऱ्या कंपनीला कळवलं. कंपनीने पुढच्या टप्प्यात बघू म्हटलं. तो टप्पा काही आला नाही, तपासणीची तारीख मात्र आली.

"इंदूताई, असं करू," विलास म्हणाला, "मी तुम्हाला एकेक चौकट वाचून दाखवतो. तुम्ही जरा प्रॅक्टिस करून घ्या. तुमची मेमरी तर लाजवाब आहे."

त्याने एकदा वाचलं आणि त्यांनी पाठ केलं. तीस चौकटी आणि एक बटण. बाराशे नंबरांपुढे ते म्हणजे हातचा मळ. यात काही लबाडी आहे असं विलासला वाटलं नाही. इंदुमतीबाईंना तर नाहीच नाही. पाठ करूनच तर त्यांनी अख्खा जन्म काढला होता. क्वार्टरच्या पायऱ्या, बाजाराचं वळण, बसचा दांडा, सगळं पाठ. जगात त्यांच्यासाठी कशावरच नाव लिहिलेलं नव्हतं. या अर्जावर नव्हतं, यात त्यांना नवल वाटेनासं झालं होतं.

तपासणीला सात आठवडे झाले आणि एका दुपारी विभागातला फोन वाजला.

"इंदु मॅडम आहेत का?" बायकी आवाज, जरा दबलेला. "मी करोंदहून बोलते. वंदना मानमोडे. मला पण दिसत नाही, मॅडम."

"बोल ना बाळ. मीच इंदुमती."

"ते तुमच्याकडे एक पोस्ट निघाली होती ना, ऑफिस असिस्टंटची, ब्लाइंड कोट्यात? त्याचा फॉर्म मी भरत होते. चार दिवस भरला, मॅडम. झालाच नाही. सबमिट दाबलं की पुढे जायचा नाही. काय चुकलं ते पण बोलायचा नाही. बाबा म्हणाले, लाल अक्षरात काहीतरी लिहून येतंय, पण त्यांना इंग्लिश वाचता येत नाही. आणि पंधरा मिनिटं झाली की सगळं बंद, फिर से शुरू."

"मग? कोणाकडून भरून घेतला नाहीस?"

"बाबा म्हणत होते, कॅफेत भरून घेऊ. मीच ज़िद केली. कॉम्प्युटरचीच पोस्ट आहे, आपला फॉर्म आपल्याला नाही आला तर नोकरी काय करणार? हेल्पलाइनला फोन केला तर ते पण तेच म्हणाले." वंदनाने तिकडचा आवाज हुबेहूब काढला. "'हमारे यहाँ की इंदु मैडम ने छह मिनट में भर दिया था, वो भी नहीं देख सकतीं। आप ठीक से कोशिश कीजिए।' मग मी अजून कोशिश केली. आखिरी दिवशी कॅफेत गेलो, तर तिथे ही गर्दी, आणि साइटच उघडेना. संपली तारीख."

"पुढच्या वेळेला..." इंदुमतीबाई म्हणाल्या आणि थांबल्या. कारखान्यात ही जागा सात वर्षांनी निघाली होती.

"माझं वय आता निकल गया, मॅडम. पुढच्या महिन्यात पस्तीस पूर्ण. ते जाऊ द्या. मी कंप्लेंट करायला फोन नाही केला. तुम्ही कसं करता, तेवढंच विचारायचं होतं. दुसरीकडे कुठे फॉर्म भरायचा तर सीखना तो पड़ेगा ना."

सबंध नोकरीत इंदुमतीबाईंनी कोणाचा कॉल मध्येच तोडला नव्हता. "मी तुला उद्या फोन करते हं," असं म्हणून त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला.

घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. सांगायचं तरी काय त्या मुलीला? सहावी चौकट जन्मतारखेची, अकरावी जातीची, असं? मनात आलं, विलासने वाचून दाखवलं नसतं तर मीही चार दिवस तिथेच डोकं आपटत बसले असते. आणि टाळ्या घेताना हे मला सुचलं नाही. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या त्यांनी अर्ज उघडला. ठरवलं की आता याला नव्याने तपासायचं, काहीच माहीत नसल्यासारखं. पण बोटं ऐकेनात. 'एडिट, ब्लँक' ऐकू आलं की बोट आपणहून बापाचं नाव लिहायला लागायचं. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा अर्ज बिनचूक भरला गेला. एकदा पाठ झालेलं विसरायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. त्या उठून राजवाड्यांच्या केबिनमध्ये गेल्या.

भालचंद्र राजवाडे ग्वाल्हेरचे, बोलायला अघळपघळ, मनाने चांगले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बड़ी मुश्किल आहे, इंदूताई. अर्जांची यादी दिल्लीला गेली. आता ब्रह्मदेव आला तरी एक नाव आत घालता यायचं नाही. आणि वरचे मला विचारतील ना, की साइट तपासलेली आहे, सर्टिफिकेट आहे, मग या मुलीला का नाही जमलं?"

"ते सर्टिफिकेट मी परत घेते."

"सही अशी परत घेता येते का कुठे?"

"मग मला पुन्हा तपासू द्या. मी नाही, ती मुलगी बसेल. मी आता या कामाची राहिले नाही साहेब, मला सगळं पाठ आहे."

दाराशी विलास येऊन उभा होता, त्याचा श्वास इंदुमतीबाईंना कळला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "चौकटी मीच वाचून दाखवल्या होत्या. लिहायचं तर माझं नाव लिहा."

"तू गप रे," राजवाडे म्हणाले. मग खुर्ची कुरकुरली. "शनिवारी बोलवा तिला. मी स्वतः थांबतो. जे होईल ते लिहून वर पाठवू, मग वरच्यांना काय करायचं ते करू दे."

फोन करायचा राहिला होता. इंदुमतीबाईंनी तो सगळ्यांच्या देखत केला, केबिनमधूनच. आडपडदा ठेवला नाही. चौकटींना नावं नाहीत, मला कोणीतरी वाचून दाखवली, मी पाठ केली आणि सही केली, असं सरळ सांगून टाकलं.

"वंदना?"

"म्हणजे मी ढ नव्हते?" वंदना म्हणाली.

इंदुमतीबाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"मॅडम, महिनाभर मी विचार करतेय, की दुसरी बाई सहा मिनिटांत करते आणि माझं डोकंच कमी आहे. कॉम्प्युटरला हात लावला नाही तेव्हापासून. घरच्यांना म्हटलं, मशीन विकून टाका." ती रडत होती की हसत, ते आवाजाच्या इतक्या जुन्या पारखी बाईलाही कळलं नाही. "तुमच्यावर राग नाही आला असं नाही म्हणणार. आला. पण सांगितलंत, चांगलं केलंत."

"शनिवारी येशील? तुझा अर्ज त्याने होणार नाही, आधीच सांगते. नुसती तपासणी आहे. पण तुला जे झालं, ते साहेबांनी ऐकावं."

"येते," वंदना म्हणाली. "माझ्यानंतर कोणी भरेल ना, तिचं तरी व्हावं."

शनिवारी वंदना वडिलांबरोबर आली. करोंदहून दोन बस बदलून यावं लागतं, तरी ती वेळेआधी हजर होती. वडील मंडीत पोती तोलायचं काम करत. ते दाराजवळच्या स्टुलावर टेकले, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून. वंदना खुर्चीत बसली आणि तिने आपणहून कीबोर्डवरचे दोन उंचवटे चाचपून बोटं ठेवली. शिकलेली बोटं होती. तिच्या शेजारी इंदुमतीबाई बसल्या.

"हेडफोन नको," त्या विलासला म्हणाल्या. "स्पीकर लाव."

"एडिट, ब्लँक," कॉम्प्युटर म्हणाला.

वंदनाने आपलं नाव लिहिलं. पहिली चौकट आडनावाची होती. इंदुमतीबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"एडिट, ब्लँक."

"हे काय विचारतंय?" राजवाड्यांनी विचारलं.

"तेच तर कळत नाही, साहेब," वंदना म्हणाली. तिने वडिलांचं नाव लिहिलं. ते चुकलं. मग पत्ता लिहिला, तोही चुकला. जन्मतारीख लिहायला गेली ती अपंगत्वाच्या टक्केवारीत. प्रत्येक वेळी तोच यांत्रिक, निर्विकार आवाज, "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." दहाव्या वेळी राजवाडे खुर्चीत चुळबुळले. पंधराव्या वेळी विलास खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

इंदुमतीबाईंना प्रत्येक चौकट माहीत होती. नुसतं कानात सांगायचं होतं, 'वंदना, ही जिल्ह्याची.' लोकांना जोडून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि आज एक पोर शेजारी चाचपडत असताना गप्प बसायची वेळ आली होती. एकदा वंदनाने मान त्यांच्याकडे वळवली, ते त्यांना तिच्या श्वासावरून कळलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही.

एकदाच्या सगळ्या चौकटी संपल्या. वंदनाने सबमिट दाबलं. कॉम्प्युटर काहीच बोलला नाही.

"लाल अक्षरात आलंय," विलास म्हणाला. "बावीस चुका दाखवतोय."

"मला सांगत नाही तो," वंदना म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवव्या चौकटीवर असताना पंधरा मिनिटं झाली आणि अर्ज आपोआप बंद पडला. ती हात मागे घेऊन बसली. "चारही दिवस असंच व्हायचं, साहेब."

राजवाडे म्हणाले, "अर्ज बंद कर, विलास. नावं लागेपर्यंत साइटवर ठेवायचा नाही. मी बघतो कंपनीकडे." ते उठून उभे राहिले. "रिपोर्ट कर. आत्ताच."

विलास छापील फॉर्म घेऊन बसला. "तपासणीची तारीख... तपासणाऱ्या व्यक्तीचं नाव, वंदना... मानमोडे ना? बरं. पदनाम?" तो थांबला. "साहेब, पदनामात काय लिहू? मागच्या वेळी इंदूताईंचं वरिष्ठ ऑपरेटर लिहिलं होतं."

राजवाडे खाकरले. तिला पद नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"अर्जदार लिही," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"पण ताई, तिचा अर्ज तर कुठे..."

"विलास. अर्जदार लिही."

पेन कागदावर चाललेलं ऐकू आलं. तेवढ्यात दाराजवळचं स्टूल सरकलं. वंदनाचे वडील उठून टेबलापाशी आले होते. इतका वेळ त्यांनी एक शब्द काढला नव्हता. पिशवी सळसळली आणि काचेवर कागद ठेवल्याचा आवाज झाला.

"साहेब," ते म्हणाले, "सगळे ओरिजिनल आणले आहेत. दहावीचं, बीएचं, डॉक्टरचं सर्टिफिकेट. फोटो पण चार काढून आणले. मग हे आता कोणाकडे द्यायचे?"

विलासचं पेन थांबलं.

"बाबा," वंदना म्हणाली, "ते परत पिशवीत ठेवा."

"अगं पण हे म्हणाले ना, अर्जदार..."

"ठेवा, बाबा. दुसऱ्यांचं काम होतं ते. झालं."

म्हातारा माणूस एकेक कागद उचलून, कडेला कडा जुळवून पिशवीत ठेवायला लागला. त्याला वेळ लागत होता. इंदुमतीबाई उभ्या राहिल्या, आणि शेवटचा कागद आत जाऊन पिशवीला गाठ पडेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.